ऐंशी युरोंचा ताळा: तीन चलनांतल्या एका सहलीचं प्रकरण

प्रागहून व्हिएन्नाला जाणाऱ्या गाडीत ताईने वही उघडली आणि तिचा ताळा जमेना. वहीप्रमाणे तीन दिवसांत ३१२ युरोंचा खर्च झाला होता. हातातले आणि खात्यातले मिळून गेले होते ३९२. मधल्या ८० युरोंचा पत्ता नव्हता. तिने पाकीट रिकामं करून पाहिलं, कोटाचे खिसे उलटे केले, भाऊजींना दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते खिडकीबाहेर बघत गप्प बसले. शेवटी तिने वहीत ‘हरवले, ८०’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. ट्राममधल्या गर्दीत कुणीतरी हात साफ केला असणार, असं दोघांनी मनाशी ठरवलं.

चोरी झालीच नव्हती. ती दोघं परत आल्यावर वही, पावत्या आणि बँकेचं विवरण घेऊन मी दोन संध्याकाळी बसलो, तेव्हा ते ८० युरो शेवटच्या नाण्यापर्यंत सापडले. ताईची परवानगी घेऊन हे प्रकरण लिहितोय, कारण सहलीला खरी झळ त्या ८० युरोंनी बसलीच नाही. ते कुठे गेले हे न कळल्याने पुढचे सहा दिवस जी भीती मनात बसली, तिने ती सहल अर्धीमुर्धी केली.

रचना कशी होती

दोघांची सहल, नऊ रात्रींची. प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्टमध्ये प्रत्येकी तीन. विमान, हॉटेलं आणि शहरांमधल्या रेल्वेची तिकिटं आधीच भरलेली. उरला तो रोजचा खर्च, म्हणजे खाणंपिणं, ट्राम-मेट्रो आणि ठिकठिकाणची प्रवेशशुल्कं. त्यासाठी ताईने दिवसाला १२० युरो धरले. नऊ दिवसांचे १,०८०. खरेदीसाठी १५० वेगळे.

पैसे न्यायचे कसे, हे भाऊजींनी ठरवलं. ७०० युरो रोख, बहुतेक शंभराच्या नोटा. ५०० युरो भरलेलं प्रीपेड ट्रॅव्हल कार्ड. अडीअडचणीला बँकेचं नेहमीचं डेबिट कार्ड. कागदावर यात फारसं चुकीचं काही नाही. पैसे एकाच ठिकाणी नव्हते, रोख होती, कार्डं होती.

पण निघण्याआधी एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही: नऊपैकी किती दिवस युरो चालणार? चेक प्रजासत्ताक आणि हंगेरी हे दोन्ही देश २००४ मध्ये युरोपीय संघात आले, तरी चलन त्यांनी आपापलंच ठेवलं, एकाने कोरुना आणि दुसऱ्याने फोरिंट. या सहलीत युरो फक्त ऑस्ट्रियात चालणार होते. तिथे २००२ पासून युरोच्या नोटा-नाणी आहेत. म्हणजे नऊपैकी सहा दिवस प्रत्येक युरो आधी दुसऱ्या चलनात बदलावा लागणार होता. चलनं वेगळी आहेत हे दोघांनाही ठाऊक होतं. पण पैसे बदलणं हाही एक खर्च आहे, आणि तो कुठेतरी मांडून ठेवायला हवा, हे सुचलं नाही.

ट्रॅव्हल कार्डाचा पिन ज्या लिफाफ्यात होता, तो लिफाफाही घरीच राहिला. ही गोष्ट तेव्हा किरकोळ वाटली.

पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून सगळीकडे एक युरो म्हणजे २५ कोरुना आणि ४०० फोरिंट धरतो. बाजारभाव रोज हलतो, पण या हिशेबाला एवढं पुरे.

पहिले चोवीस तास

विमानातून उतरून, सामान हॉटेलात टाकून दोघं दुपारी जुन्या शहरात गेली. कोरुना एकही नव्हता. चौकाजवळच एक मनी एक्स्चेंजचं दुकान दिसलं. पाटीवर ‘शून्य टक्के कमिशन’. भाऊजींनी २०० युरो दिले आणि ४,१०० कोरुना घेतले. म्हणजे भाव मिळाला साडेवीसचा. पंचवीसच्या भावाने ५,००० यायला हवे होते. ९०० कोरुना, म्हणजे ३६ युरो, त्या खिडकीत राहिले.

पाटी खोटी नव्हती. कमिशन खरोखरच शून्य होतं. चलन बदलणारा दोन मार्गांनी कमावतो: एक तर उघड कमिशन घेतो, नाहीतर भावातच आपला वाटा ठेवतो. पहिला आकडा शून्य असला की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे बघत नाही. म्हणून नोटा खिडकीत सरकवण्याआधी विचारायचा प्रश्न एकच, “या दोनशेचे माझ्या हातात किती येणार?” तो आकडा कागदावर लिहून मागायचा आणि मोबाइलवरच्या बाजारभावाशी ताडून पाहायचा. चेक राष्ट्रीय बँक कामकाजाच्या दर दिवशी आपला अधिकृत भाव जाहीर करते. खिडकीतला भाव त्याच्या जवळपास नसेल, तर पुढे चालू लागावं.

या पावतीकडे पाहताना मला सर्वांत जास्त वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. चेक कायद्यात १ एप्रिल २०१९ पासून एक तरतूद आहे. बदललेली रक्कम १,००० युरोंपर्यंतची असेल, तर गिऱ्हाईक तीन तासांच्या आत, कुठलंही कारण न देता, तो व्यवहार रद्द करून आपले पैसे परत मागू शकतं. पावतीवरची वेळ होती १६:१२. म्हणजे सात वाजून बारा मिनिटांपर्यंत ३६ युरो परत मिळवता आले असते. त्या वेळी दोघं चार्ल्स पुलावर सूर्यास्ताचे फोटो काढत होती, त्या दुकानापासून चालत थोड्याच अंतरावर. तरतुदीची माहिती त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी, शेजारच्या टेबलावरच्या एका प्रवाशाकडून मिळाली.

ते ऐकून भाऊजींचं मन एक्स्चेंजच्या दुकानांवरून उडालं. आता थेट एटीएममधून काढू, असं ठरलं. विचार योग्यच होता. पण ट्रॅव्हल कार्डाचा पिन घरी, म्हणून डेबिट कार्ड बाहेर आलं. आणि जे यंत्र गाठलं ते बँकेच्या भिंतीतलं नव्हतं, पर्यटकांच्या गल्लीत स्मरणवस्तूंच्या दुकानाशेजारी उभं केलेलं होतं.

त्यांनी ६,००० कोरुना मागितले. यंत्राने आधी आपला आकार दाखवला, साधारण ५ युरोंचा. मग पडद्यावर एक आकडा आला, थेट घरच्या चलनात, खाली ‘खात्रीचा भाव’ असं लिहिलेलं. ताई म्हणाली, “बरं झालं, किती जातायत ते आत्ताच कळतंय.” भाऊजींनी ‘स्वीकार’ दाबलं. तो आकडा युरोत मांडला तर २६९ भरतो. ६,००० कोरुनाचे पंचविसाच्या भावाने २४० व्हायला हवे होते. वरचे २९ आणि यंत्राचा आकार ५, असे एका दाबात ३४ युरो गेले.

या सोयीला बँकांच्या भाषेत ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणतात. नाव काहीही असो, ती चालते अशी: कार्ड परदेशात वापरलं की रकमेचं चलन कुणाला तरी बदलावंच लागतं. एरवी ते व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं जाळं आपल्या त्या दिवसाच्या भावाने बदलतं, आणि आपली बँक त्यावर ठरलेला परकीय चलनाचा आकार लावते. ‘स्वीकार’ दाबलं की हे काम त्या यंत्राच्या मालकाकडे जातं, आणि भाव तोच ठरवतो. पडद्यावर आकडा ओळखीच्या चलनात दिसतो, त्यामुळे धीर येतो. त्या धीराचीच ही किंमत. नकार द्यायचं बटण असतं, पण ते दाबलं तर व्यवहारच रद्द होईल असं वाटावं अशी त्याची शब्दरचना असते. तसं होत नाही. ‘कन्व्हर्जन नको’ म्हटलं तरी पैसे येतात, कोरुनातच येतात, आणि खात्यातून नेहमीच्या रीतीने वजा होतात. हे एकच बटण नीट समजलं असतं, तर या प्रकरणातला पाव हिस्सा तोटा झालाच नसता.

यंत्राने दिल्या त्या दोन-दोन हजारांच्या तीन नोटा. एक नोट म्हणजे ८० युरो. ती मोडून द्यायला लहान दुकानं तयार होईनात, म्हणून मोड मिळवण्यासाठी दोघांनी नको असलेल्या दोन वस्तू घेतल्या. त्याचा हिशेब मी धरलेला नाही.

गाडीतली वही

निघायच्या दिवशी २,३०० कोरुना उरले होते, म्हणजे ९२ युरोंचे. ते प्रागच्या मुख्य स्टेशनवर परत युरोत बदलले. उलट्या दिशेचा भाव होता २८ चा, म्हणून हातात आले ८२. आणखी १० गेले. त्याच सकाळी हॉटेलने शहराचा मुक्कामकर मागितला होता, माणशी दर रात्री ५० कोरुना, दोघांचे तीन रात्रींचे ३००. तो भाऊजींनी सवयीने डेबिट कार्डावर भरला होता; ते १२ युरो वहीतल्या ३१२ आणि ३९२ या दोन्ही आकड्यांबाहेरचे. तो रोख भरला असता, आदल्या रात्रीचं जेवण रोखीत झालं असतं, तर बदलायला फारसं उरलंच नसतं. शहर सोडायच्या आदल्या संध्याकाळी पाकीट उघडून, हातातलं चलन कुठे संपवायचं हे ठरवणं, ही सवय मला या सगळ्यातली सर्वांत स्वस्त उपाययोजना वाटते.

आता ताईच्या वहीकडे. ती प्रत्येक खर्च कोरुनात लिहीत होती आणि रात्री पंचविसाने भागून युरोत नेत होती. ७,८०० कोरुनांचे ३१२ युरो. गणित बिनचूक. पण तिच्या हातातले कोरुना पंचविसाच्या भावाने आलेच नव्हते. १०,१०० कोरुनांसाठी दिलेले होते २०० आणि २७४, म्हणजे ४७४ युरो. तिच्या हातात आलेल्या कोरुनाचा खरा भाव पडला २१.३. भागाकाराला घेतलेला भाव बाजारातला, आणि पैसे दिले ते खिडकीतल्या भावाने. या दोन भावांमधल्या फटीत ३६, ३४ आणि १० असे ८० युरो पडले होते.

या फटीला आपल्या भाषेत पूर्वीपासून शब्द आहे: वटाव. नाणं बदलून देणारा सराफ जो कापून घेतो तो वटाव. ‘आतबट्ट्याचा व्यवहार’ म्हणतो त्यातला बट्टाही त्याच अर्थाचा. जुन्या जमाखर्चात त्याला वेगळी जागा असे, कारण पैसा बदलला की काहीतरी कापलं जाणारच हे लिहिणाऱ्याला माहीत असे. ताईच्या वहीत खाणं, प्रवास, तिकिटं, किरकोळ असे चार रकाने होते. वटावाला रकाना नव्हता, म्हणून तो तोटा नावाशिवाय राहिला. नाव नसलेल्या तोट्याला मग चोरीचं नाव मिळालं.

व्हिएन्ना: पैसे होते, धीर नव्हता

खरं तर व्हिएन्नात सगळं सोपं व्हायला हवं होतं. चलन युरो, हातात ५८२ युरो रोख, कार्डावर ५०० अख्खे. पण ताईने मनात हिशेब मांडला होता की तीन दिवसांत ३९२ गेले, त्यात चोरही आहेत, आता आखडतं घ्यायचं. दिवसाचे १२० तिने न सांगता ८० वर आणले.

मग कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमच्या दारापर्यंत जाऊन परत फिरणं झालं. ब्रॉयगेलच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह त्या इमारतीत आहे, आणि ती चित्रं बघायची म्हणून ताईने सहा महिने आधी या शहराचा हट्ट धरला होता. शॉनब्रुन राजवाडा बाहेरून पाहिला. स्टेट ऑपेराची, प्रयोगाच्या दिवशी मिळणारी उभ्याने पाहायची स्वस्त तिकिटं आहेत हे माहीत असून रांगेत गेली नाहीत, का तर ‘उगाच कशाला’. तीन दिवसांत २३१ युरो खर्च झाले. हा आकडा वाचताना मला आनंद झाला नाही. ३६० ची तरतूद असताना १२९ वाचले, आणि जे वाचवलं त्यातच ते शहर होतं.

काटकसर जिथे खरंच करता आली असती, तिथे मात्र झाली नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता. ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केटं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची काही सोडून. शनिवारी संध्याकाळी चार गोष्टी आणून ठेवल्या असत्या, तर तिन्ही वेळा बाहेर खावं लागलं नसतं. पाण्याच्या बाटल्या रोज विकत घेतल्या गेल्या. व्हिएन्नाच्या नळाला १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, आणि शहरात जागोजागी ते पिण्यासाठी फुकट मिळतं. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून ऑस्ट्रियात प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ती परत मिळते. दोघांनी दहा-बारा बाटल्या कचऱ्यात टाकल्या. रक्कम छोटी आहे, पण भीतीने केलेली काटकसर नेहमी अशीच होते: मोठं आणि आवडतं आधी कापलं जातं, छोटं आणि सवयीचं तसंच राहतं.

हॉटेलात शिरताना काउंटरवर ‘अनामतीसाठी कार्ड’ मागितलं. भाऊजींनी ट्रॅव्हल कार्ड दिलं. हॉटेलने त्यावर १५० युरो अडकवून ठेवले. असे अडकवलेले पैसे खर्च झालेले नसतात, पण वापरताही येत नाहीत, आणि हॉटेल सोडल्यावर ते मोकळे व्हायला काही दिवस जातात. क्रेडिट कार्डावर उधारीची मर्यादा अडते, आपले रोजचे पैसे नाही. प्रीपेड कार्डावर मात्र आपलेच पैसे अडकतात. त्या क्षणी हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

ताईने एक लोकरी कोट घेतला, ११८ युरोंचा, खरेदीच्या पैशांतून. ऑस्ट्रियात ७५ युरोंच्या वरच्या खरेदीवर संघाबाहेरच्या पर्यटकाला मूल्यवर्धित कर परत मागता येतो. तिथला नेहमीचा दर २० टक्के. दुकानदाराने फॉर्म भरून दिला. या फॉर्मवर कस्टमचा शिक्का लागतो, आणि तो लागतो आपण संघातून शेवटी जिथून बाहेर पडतो तिथे, म्हणजे त्यांच्या बाबतीत बुडापेस्टच्या विमानतळावर. अधिकारी वस्तू दाखवा म्हणू शकतो. विमानतळावर ताईने आधी बॅग सोडली आणि मग फॉर्म काढला. कोट बॅगेत, बॅग पट्ट्यावरून गेलेली. कापाकापी होऊन जे १४ युरो मिळाले असते ते राहिले.

बुडापेस्ट आणि दोन शून्यं

कोरुनाचा हिशेब मनात करणं जमत होतं: चौपट करून शेवटची दोन शून्यं सोडायची. ६०० कोरुनांचे २४०० आणि त्याचे २४ युरो. फोरिंटला उलटं करावं लागतं. आधी दोन शून्यं सोडायची, मग चाराने भागायचं. १२,००० चे १२०, आणि त्याचे ३० युरो. हे गाडीतून उतरण्याआधी पाठ करून ठेवावं, कारण सगळ्या किमती हजारांत बघून पहिल्या दिवशी माणूस एकतर घाबरतो नाहीतर बेफिकीर होतो. तिथलं सर्वांत लहान नाणं ५ फोरिंटचं. १ आणि २ ची नाणी २००८ मध्ये बंद झाली, त्यामुळे रोख बिल पाचाच्या पटीत धरलं जातं. यात फसवणूक काही नाही, पण ताईला प्रत्येक पावतीत ती दिसू लागली होती.

पैसे बदलताना मात्र दोघांनी चांगलं काम केलं. तीन दुकानं फिरून, हातात किती येणार हे आधी विचारून, २०० युरो ३९५ च्या भावाने बदलले. एवढा वटाव मी तोटा मानत नाही. नोटा बदलून देणाऱ्यालाही दुकान चालवायचं असतं.

दुसऱ्या दिवशी, डॅन्यूबवरच्या जेवणासह बोटफेरीचे ८८ युरो द्यायला ट्रॅव्हल कार्ड काढलं. कोट आणि व्हिएन्नातला कार्डावरचा खर्च जाऊन त्यावर २२२ उरले होते. व्यवहार नाकारला गेला. पुन्हा केला, पुन्हा नाकारला. २२२ मधले १५० व्हिएन्नाच्या हॉटेलात अडकलेले, मोकळे फक्त ७२. डेबिट कार्डाने भरायला गेले, तर ऑनलाइन व्यवहाराचा ओटीपी घरच्या सिमवर येणार, आणि ते सिम स्थानिक सिम घातल्यापासून सुटकेसच्या कप्प्यात. बोटफेरी राहिली. ताईला खात्रीच पटली की कुणीतरी कार्डावरही हात मारलाय, आणि ती संध्याकाळ बँकेच्या हेल्पलाइनवर गेली.

इथे भाऊजींच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. कार्डंच न्यावीत, रोख कशाला, असं मी त्यांना आधी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, “खिशातल्या नोटेला ओटीपी लागत नाही.” त्या रात्री ते बरोबर ठरले. फक्त ती रोख किती आणि कुठल्या चलनात, हा प्रश्न शिल्लक राहतो. हंगेरीत २०२१ पासून, ज्यांना ऑनलाइन गल्ला ठेवावा लागतो अशा दुकानांना इलेक्ट्रॉनिक पैसे घ्यायची सोय द्यावीच लागते. त्यामुळे तिथे तीन दिवसांना २०० युरोंचे फोरिंट जास्तच झाले. निघताना ४,४०० फोरिंट, म्हणजे ११ युरो, उरले, त्यात बरीच नाणी. नाणी परत बदलून घेणारं दुकान सहसा मिळत नाही.

शेवटच्या रात्रीचं जेवण २१,००० फोरिंटचं झालं. बिलात ‘सेर्विझदीय’, म्हणजे सेवाशुल्क, आधीच धरलेलं होतं. ती ओळ वाचता न आल्याने भाऊजींनी वर ३,००० रोख ठेवले, साडेसात युरो. आणि कार्डाच्या यंत्राने तोच जुना प्रश्न विचारला, घरचं चलन की फोरिंट. दमलेले होते, ओळखीचं चलन निवडलं. ३ युरो.

सगळं मिळून

बदलण्यात, राहून गेलेल्या करात, उरलेल्या फोरिंटांत आणि दुहेरी बक्षिशीत मिळून तोटा झाला साधारण ११५ युरोंचा. नऊ दिवसांच्या तरतुदीतला जवळपास एक दिवस. त्यातले ७० पहिल्या चोवीस तासांत गेले, प्रवासाने थकलेले असताना, हातात स्थानिक चलन नसताना, पहिल्या दिसलेल्या खिडकीत आणि पहिल्या दिसलेल्या यंत्रात.

आणि घरी परतताना १,०८० मधले १९० युरो शिल्लक होते. हे मी ताईला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नाही. तिच्या मनात बजेट केव्हाच मोडलेलं होतं.

आम्ही मग तीच सहल कागदावर पुन्हा मांडली. प्रागसाठी उतरल्याबरोबर बँकेच्या एटीएममधून १,५०० कोरुना, कन्व्हर्जनला नकार देऊन. बाकीचं सगळं कार्डावर, कोरुनात. परकीय चलनाचा आकार ३ टक्के धरला, तरी त्या ३१२ युरोंच्या खर्चावर वटाव साडेनऊ युरोंच्या आसपास पडतो. प्रत्यक्षात पडला ८०. घरचं सिम फोनमध्येच, स्थानिक इंटरनेट ई-सिमवर. अनामतीला क्रेडिट कार्ड, ते नसेल तर रोख. दोन कार्डं दोघांच्या दोन पाकिटांत, आणि पिन डोक्यात.

दिवसाला सरसकट १२० हा आकडाही आम्ही सोडला. व्हिएन्ना उरलेल्या दोन शहरांपेक्षा महाग आहे, आणि ताईला बघायचं होतं तेही तिथेच जास्त होतं. प्रागला १०५, व्हिएन्नाला १५०, बुडापेस्टला ९५ असे धरले. त्याचे १,०५० झाले. उरलेले ३० वटावाचे, आधीच खर्ची टाकलेले. ते वाचले तर शेवटच्या दिवशी वापरायचे, नाही वाचले तर कुणी कुणाचे खिसे तपासायचे नाहीत. सरासरीने चालणाऱ्या बजेटबद्दल माझी तक्रार हीच आहे की ते स्वस्त शहरात मोकळं सोडतं आणि हवंहवंसं वाटतं तिथे हात धरतं.

ताईचा एक आक्षेप होता. रोज रात्री बाजारभावाने भागायचं की आपल्याला पडलेल्या भावाने? मी म्हटलं, आपल्याला पडलेल्या भावाने भागलं तर तोटा प्रत्येक जेवणात आणि तिकिटात मिसळून दिसेनासा होतो. बाजारभावाने भाग, आणि फरक वेगळा लिही. ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली. मग पट्टी घेतली, चार रकान्यांच्या शेजारी पाचवी उभी रेघ ओढली आणि वर ‘वटाव’ लिहिलं. प्रागच्या पानावर ‘हरवले, ८०’ खोडलं. त्याच्या खाली तीन ओळी आल्या: खिडकी ३६, यंत्र ३४, स्टेशन १०.

पेन ठेवून ती भाऊजींना म्हणाली, “गाडीत तुम्हाला तीनदा विचारलं मी.”

“हो,” ते म्हणाले. “आणि तिसऱ्यांदा मलाही वाटायला लागलं होतं की नोट माझ्याच हातून पडली.”